गोड्या पाण्यात

चित्रीकरण झालं सोलबाहेरच्या एका शेडमध्ये,
काचेच्या टाकीत. पाणी नळाचं.
निळाई नंतर घातली.
को सुनओकच्या हातात जो फोन होता
तो फोन नव्हता, पोकळ ठोकळा होता,
वजन मात्र बरोबर.

ती एकाहत्तर वर्षांची. जेजू बेटावरची पाणबुडी.
नळी नाही, सिलिंडर नाही, एका दमात
तळाशी जाऊन खडकावरचे शिंपले खरवडणारी,
वर आली की शीळ घातल्यासारखा श्वास सोडणारी.
तिची बोली सोलच्या पोरांना कळेना,
म्हणून मी. दुभाषी.
पैसे चांगले होते, हे आधीच सांगून टाकते.

दिग्दर्शक वाईट माणूस नव्हता.
त्याने तिला तीनदा गरम सूप आणवलं.

दोन टेकच्या मध्ये, केस पुसता पुसता, तिने विचारलं,
"समुद्रात चालतो ना हा?"
मी प्रश्न पलीकडे नेला.
कंपनीचा माणूस घड्याळ बघत म्हणाला,
"दीड मीटर, तीस मिनिटं, स्थिर, गोडं पाणी.
पण ते आपण खाली लिहितोय. तिला म्हणावं, हो."

एवढ्या लांब वाक्यातून
मी शेवटचा शब्द तेवढा पार नेला.

हो.

साठ वर्षं पाणी जोखलेली बाई.
तिने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

मग ती सगळीकडे दिसू लागली. बसथांब्यावर,
बोटीच्या धक्क्यावर, दोन मजली उंच,
हातात उजळलेला फोन, भोवती मासे.
तळाशी एक चांदणी, तीळभर,
आणि चांदणीपाशी ते वाक्य.
इतक्या बारीक अक्षरात
की खरं असूनही कुणाला दिसू नये.

तिच्या गावात अकरा बायकांनी घेतला.
सुनओक नेते ना खाली, मग काय.
बू मालजाने ऑक्टोपसचे पैसे साठवून घेतला,
नातवाला पाण्याखालचं घर दाखवायचं म्हणून.
तिचा चौथ्या दिवशी गेला.
पडद्यावर मेल्या माशाच्या डोळ्यासारखी पांढुरकी साय.

सेवा केंद्रातल्या मुलाने तो उघडून दाखवला.
आत एक पांढरा ठिपका असतो,
ओल लागली की लाल होतो.
सगळ्या यंत्रात तेवढा एक खरं बोलणारा,
आणि तो कंपनीच्या बाजूने साक्ष देतो.
"मीठ गेलंय आत. वॉरंटीत बसत नाही, आजी."

भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं.
सुनओक रोज आपल्या जाळीतून मूठ मूठ शिंपले
अकरा जाळ्यांत टाकत राहिली, न बोलता,
आणि त्या बायका, न बोलता, तेच शिंपले परत तिच्या जाळीत.

मी गेले ते मार्चमध्ये.
किनाऱ्यावर दगडांच्या आडोशाला त्यांची शेकोटी.
तिने एवढंच विचारलं,
"तो माणूस बराच वेळ बोलत होता त्या दिवशी.
तू एकच शब्द कसा आणलास?"

मी म्हणाले, ज्यांचं खाल्लं त्या मिठाला जागले.
हे मी कित्येक दिवस घोकून आणलेलं वाक्य होतं.
तिथे ते फार गुळगुळीत वाटलं.

ती म्हणाली, "खाली दम संपत आला की
आणखी एक शिंपला दिसतोच. मोठा असतो.
हात पुढे जातो. तिथेच बाया मरतात.
तुझा तो माणूस हात पुढे करतो,
आणि दम आमचा."
मग लाकडाने निखारे सारले.
"आता सगळं वाक्य सांग. मला नको, यांना सांग."

मी उभी राहिले. अकरा जणी, ओले पोशाख, धूर.
दीड मीटर सांगितलं. तीस मिनिटं सांगितली.
स्थिर गोड्या पाण्याला त्या बोलीत
मला चटकन शब्द सापडेना,
म्हणून म्हटलं, विहिरीचं.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग मालजा, मोजे चढवता चढवता,
अगदी मनापासून, माहिती हवी म्हणून,
"विहिरीत फोन कोण नेतं गं?"